रेणूंचे कोंदण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य आणि राजकारण हे विषय घरचे. रसायनशास्त्र मात्र पाहुणा. त्यातून आजचा विषय असा की, ज्या वस्तूंविषयी बोलायचे त्या कोणत्याही साध्या भिंगातून दिसत नाहीत आणि ज्यांनी त्या घडविल्या त्यांची नावे वर्तमानपत्रात क्वचितच येतात. तरीही मी हा विषय मुद्दाम निवडला. कारण त्याचा संबंध माझ्यासमोर या मेजावर ठेवलेल्या तांब्याभांड्याशी आहे.

या तांब्यातले पाणी निर्मळ दिसते. परंतु ते केवळ पाणी नव्हे. त्यात नाना प्रकारचे क्षार विरघळलेले आहेत, आणि क्षार विरघळला म्हणजे त्याचे दोन भाग होतात. मिठाचेच पाहा. पाण्यात पडताच त्यातील सोडियम धन विद्युतभार घेऊन एकीकडे जातो आणि क्लोराइड ऋण विद्युतभार घेऊन दुसरीकडे. पहिल्यास धनायन म्हणतात, दुसऱ्यास ऋणायन. क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट, फ्लोराइड ही सारी ऋणायनांची मंडळी. त्यांपैकी काही आपल्या जीवनास आवश्यक, काही निरुपद्रवी, तर काही प्रमाणाबाहेर गेली की घातक.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये क्लोराइड २५० मिलिग्रॅमपर्यंत चालते. फ्लोराइड मात्र १ मिलिग्रॅमच्या आत असावे, आणि दुसरे पाणीच मिळत नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅम. ही मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडली गेली, तर आधी दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हा विकार आढळल्याचे १९३७ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांना विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यातले हे संकट परिचयाचे आहे.

आता थोडा हिशेब करू. लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड म्हणजे पाण्याच्या सुमारे दहा लाख रेणूंमागे एक फ्लोराइड. त्याच्या अवतीभवती क्लोराइडची गर्दी शेकडोपट असू शकते. या जत्रेतून नेमका तो एकच इसम हुडकून काढून त्याचे मनगट धरील, बाकी कोणाच्या वाटेस जाणार नाही, असा रेणू माणसाला घडविता येईल काय? हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न. अशा रेणूला ग्राही रेणू म्हणतात. मला त्यासाठी सोनाराच्या दुकानातला शब्द अधिक आवडतो: कोंदण. खडा आधी असतो, कोंदण त्याच्यासाठी घडवायचे असते. सैल झाले तर खडा पडतो, घट्ट झाले तर बसतच नाही.

निसर्गाला ही कारागिरी केव्हाचीच अवगत आहे. जर्मन रसायनज्ञ एमिल फिशर याने १८९४ साली विकर आणि त्याचे भक्ष्य यांना कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, ती आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु निसर्गाच्या कुलपाची खरी कमाल पाहायची असेल तर जीवाणूंमधील फॉस्फेट पकडणारे प्रथिन पाहावे. फॉस्फेट आणि सल्फेट ही दोन ऋणायने दिसायला जुळी भावंडे. मधे एक अणू, भोवती चार ऑक्सिजन, आकारमान जवळजवळ सारखे. असे असूनही हे प्रथिन सल्फेटपेक्षा फॉस्फेटला निदान लाखपटीने अधिक घट्ट धरते. ते कसे?

येथे हायड्रोजन बंध म्हणजे काय ते सांगावयास हवे. नायट्रोजन किंवा ऑक्सिजन यांना जोडलेल्या हायड्रोजनवर किंचित धनभार असतो, आणि तो समोरच्या ऋणभारित अणूकडे ओढला जातो. ही ओढ एकेकटी दुबळी असते, पण दिशेच्या बाबतीत फार काटेकोर असते. त्या प्रथिनाच्या खोबणीत फॉस्फेटला असे बारा बंध मिळतात. त्यांपैकी अकरा बंधांत हायड्रोजन प्रथिन देते. बाराव्या जागी मात्र प्रथिनाने एक ऋणभारित गट बसविलेला आहे. त्याला हायड्रोजन घ्यायचा असतो, द्यायचा नसतो. फॉस्फेटच्या अंगावर असा एक हायड्रोजन असतो. सल्फेटच्या अंगावर तो नसतो. त्यामुळे सल्फेट आत आले की ऋणासमोर ऋण उभे राहते आणि ते बाहेर ढकलले जाते. जुळ्या भावांतला फरक एका हायड्रोजनचा, आणि द्वारपालाने नेमका तोच हेरला! पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चांगले कोंदण केवळ हव्या त्या खड्याला धरत नाही. नको त्या खड्याला नकारही देते.

माणसाने या उद्योगाला हात घातला तो मात्र धनायनांपासून, आणि तोही योगायोगाने. अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीत चार्ल्स पेडरसन नावाचे रसायनज्ञ होते. जन्म १९०४ साली कोरियात, वडील नॉर्वेचे, आई जपानची. डॉक्टरेटची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. ते करीत होते एक निराळाच पदार्थ. मूळ द्रव्यात थोडी भेसळ राहिली होती, आणि तिच्यामुळे हवा असलेल्या पदार्थासोबत अर्धा टक्काही भरणार नाहीत इतके थोडे पांढरे स्फटिक हाती आले. दुसरा कोणी असता तर ते मोरीत ओतून मोकळा झाला असता. पेडरसन यांनी पाहिले की, हे स्फटिक मेथॅनॉलमध्ये सहसा विरघळत नाहीत. पण सोडियमचा क्षार घालताच विरघळतात. उलगडा झाला तो असा: तो रेणू म्हणजे अठरा अणूंचे एक कडे होते, त्यात सहा ऑक्सिजन आतल्या बाजूला तोंड करून बसलेले, आणि मधल्या पोकळीत धातूचे धनायन जाऊन बसत होते. पोटॅशियम तर त्यात अगदी मापाने बसे. या कड्यांना पेडरसन यांनी मुकुटाचे नाव दिले आणि १९६७ साली ती हकीकत प्रसिद्ध केली. फ्रान्सचे ज्याँ-मारी लेन यांनी कड्याचा पिंजरा केला, अमेरिकेचे डोनाल्ड क्रॅम यांनी या शास्त्राला शिस्त लावली, आणि १९८७ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रॅम यांनी या विद्येला यजमान-पाहुणा रसायन असे घरगुती नाव दिले, आणि तिचा एक मोठा नियम सांगितला. त्याला आपण पूर्वसिद्धता म्हणू. पाहुणे दारात आल्यावर पाट शोधू लागणारा यजमान आणि पाट, रांगोळी, ताटे मांडून वाट पाहणारा यजमान यांत जो फरक, तोच सैल रेणू आणि आधीच योग्य आकारात घट्ट बसविलेला रेणू यांत असतो. सैल रेणूला पाहुण्याभोवती स्वतःला वळवून घ्यावे लागते. त्यात शक्ती खर्ची पडते आणि पकड तितकी कमी होते.

धनायने साधली, मग ऋणायने का साधू नयेत? कोणी म्हणेल, खुणा उलट्या केल्या की झाले. पण तसे ते नाही. अडचणी चार आहेत, आणि चौथी सर्वांत थोर.

पहिली अडचण आकारमानाची. ऋणायने अंगाने मोठी. सोडियम धनायनाची त्रिज्या सुमारे १.०२ अँगस्ट्रॉम, तर क्लोराइडची १.८१. फ्लोराइड हे त्या घराण्यातले सर्वांत लहान. तरी तेही पोटॅशियमच्या जवळपास भरते. भार तेवढाच, अंग मोठे, म्हणून ओढ कमी. दुसरी अडचण घडणीची. क्लोराइड गोटीसारखे वाटोळे, नायट्रेट चपटे त्रिकोणी, सल्फेट व फॉस्फेट चार टोकांचे. प्रत्येकाला कोंदण निराळे. तिसरी अडचण आम्लतेची. पुष्कळशी ऋणायने द्रावण आंबट झाले की हायड्रोजन उचलतात आणि आपला भार गमावून बसतात. पाहुणा दारात आला खरा, पण वेष पालटून!

आणि चौथी अडचण म्हणजे पाणी. पाण्याचा रेणू हा स्वतःच हायड्रोजन बंध देण्यात तरबेज. ऋणायन पाण्यात शिरले की पाण्याचे रेणू त्याच्याभोवती कोंडाळे करतात. ते कोंडाळे फोडल्याखेरीज ऋणायन आपल्या कोंदणात येत नाही. त्यासाठी लागणारी शक्ती क्लोराइडच्या बाबतीत एका मोलला सुमारे ३४० किलोज्यूल, फ्लोराइडच्या बाबतीत सुमारे ४६५, तर सल्फेटच्या बाबतीत हजाराच्याही वर. म्हणजे जे ऋणायन आपल्याला सर्वांत निकडीने पकडायचे, तेच पाण्याला सर्वांत प्रिय. माहेरची माणसे सोडायला तयार नसताना मुलीला सासरी न्यायचे, तसला हा प्रकार.

ऋणायनाचे पहिले कृत्रिम कोंदण १९६८ साली प्रसिद्ध झाले, आणि तेही ड्यू पॉन्टमधूनच. पार्क आणि सिमन्स यांनी असा पिंजरा केला की, त्याच्या दोन टोकांना दोन नायट्रोजन. आम्लात त्यांना हायड्रोजन चिकटतो, धनभार येतो, आणि दोघांचे हायड्रोजन आत वळून मधल्या क्लोराइडला धरतात. ग्रीक भाषेतील गिळणे या अर्थाच्या शब्दावरून त्यांनी या जातीला कॅटापिनेट असे नाव दिले.

दुसरी कथा नीलमण्याची आहे, आणि आपल्या कोंदणाला ती साजेशी आहे. बी-१२ जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनविण्याच्या खटाटोपात रॉबर्ट वुडवर्ड यांच्या सहकाऱ्यांना अनपेक्षितपणे एक गडद निळा पदार्थ मिळाला. त्याचे स्फटिक नीलमण्यासारखे, म्हणून नाव सॅफायरिन. आपल्या रक्तातील लाल रंगाच्या मुळाशी चार पायरोल वलयांचे कडे असते, यात पाच. कडे मोठे, पोकळीही मोठी. कित्येक वर्षे हे एक कुतूहल म्हणून पडून राहिले. पुढे जोनाथन सेसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे स्फटिक क्ष-किरणांनी तपासले, तेव्हा १९९० साली असे दिसले की, मधल्या पोकळीत एक फ्लोराइड पाच हायड्रोजन बंधांनी जखडून बसलेले आहे. नंतरच्या मोजमापांत मेथॅनॉलमध्ये सॅफायरिन क्लोराइडपेक्षा फ्लोराइडला सुमारे हजारपटीने अधिक घट्ट धरते असे आढळले. ज्या फ्लोराइडच्या मागे आपण लागलो होतो, त्याचे कोंदण असे न मागता हाती आले.

तिसरे उदाहरण अलीकडचे. कार्बनला जोडलेला हायड्रोजन असल्या कामात दुबळा, अशी रसायनज्ञांची जुनी समजूत. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अमर फ्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तोच हायड्रोजन घेऊन पिंजरा बांधला. सहा ट्रायाझोल वलये, प्रत्येकाचा एक हायड्रोजन आत वळलेला, आणि मधे क्लोराइड. सहाही बंध २.७ अँगस्ट्रॉमचे. पिंजरा इतका ताठ की पाहुण्यासाठी त्याला अंग चोरावे लागत नाही. २०१९ साली त्यांनी मोजमाप प्रसिद्ध केले: डायक्लोरोमिथेन या द्रावकात त्याची पकड दाखविणारा आकडा एकावर सतरा शून्ये. दुबळ्या म्हणून गणलेल्या सहा हातांनी, योग्य जागी उभे राहून, हे काम केले. पूर्वसिद्धता म्हणजे काय याचे याहून चांगले उदाहरण मजपाशी नाही.

तेव्हा आपण विचाराल, मग यवतमाळच्या विहिरीत असे कोंदण टाकून फ्लोराइड का काढत नाही? प्रश्न रास्त आहे. वर मी द्रावकांची नावे मुद्दाम घेतली: मेथॅनॉल, डायक्लोरोमिथेन. ती पाणी नव्हेत. पाण्यात आणि तेही गावाला परवडेल अशा खर्चात फ्लोराइड पकडणे ही निराळी परीक्षा. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने यासाठी जी नालगोंडा पद्धत तयार केली, तिच्यात वापरायचे ते तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा साका बनतो आणि फ्लोराइडला घेऊन तळाशी बसतो. ही पद्धत ढोबळ खरी, पण बादलीत चालते. ग्राही रेणूंनी या क्षेत्रात केलेली मुख्य सेवा ओळख पटविण्याची आहे; फ्लोराइड भेटताच रंग पालटणारे रेणू अनेकांनी तयार केले आहेत. चोर ओळखणे आणि चोर पकडून नेणे यांत अंतर आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू: पेप्टाइडे. प्रथिने ज्यांची बनतात त्या वीस अमिनो आम्लांच्या आखूड माळा म्हणजे पेप्टाइडे. तीन मण्यांची माळ म्हटली तरी वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजार प्रकार. यांतली हवी ती माळ ओळखणे हे एका वाटोळ्या क्लोराइडला ओळखण्याहून कितीतरी अवघड. तथापि एक धागा सापडतो. साध्या माळेचे एक टोक पाण्यात ऋणभारित असते. म्हणजे माळेचे शेपूट हेच एक ऋणायन! ऋणायनाचे कोंदण घडविण्यात हात बसला, की शेपूट त्यात धरायचे आणि मण्यांच्या अंगांसाठी शेजारी आणखी खोबणी करायच्या, असा बेत आखता येतो.

या बेताचा आदर्श नमुना निसर्गानेच दिला आहे, आणि तो रुग्णालयात रोज वापरला जातो. १९५० नंतरच्या दशकात बोर्निओ बेटातून एका मिशनऱ्याने पाठविलेल्या मातीत एका सूक्ष्मजीवाने बनविलेले औषध सापडले: व्हॅन्कोमायसिन. १९५८ साली ते अमेरिकेत वापरात आले. जीवाणू आपल्याभोवती भिंत बांधतात. तिच्या विटा जोडणाऱ्या पेप्टाइडाच्या शेवटी ॲलानिनचे दोन मणी असतात, आणि तेही आपल्या प्रथिनांतल्या ॲलानिनच्या आरशातील प्रतिमेसारखे, उलट्या हाताचे. व्हॅन्कोमायसिन हा वाडग्यासारखा रेणू त्या दोन मण्यांना पाच हायड्रोजन बंधांनी झाकून टाकतो. विटा जोडल्या जात नाहीत, भिंत कच्ची राहते, जीवाणू मरतो. आपल्या पेशींना असली भिंतच नाही. इतर औषधे हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, त्यांतले हे एक.

परंतु १९८८ साली बातमी प्रसिद्ध झाली की, काही जीवाणू व्हॅन्कोमायसिनलाही दाद देईनासे झाले. त्यांनी केले काय? शेवटच्या ॲलानिनच्या जागी लॅक्टिक आम्लाचा मणी बसविला. रेणूच्या भाषेत बदल इतकाच की, नायट्रोजन व त्याचा हायड्रोजन गेला आणि त्या ठिकाणी ऑक्सिजन आला. पाचातला एक बंध तुटला; आणि औषधाची पकड सुमारे हजारपटीने घटली. एक बंध गेल्याने हजारपट? डेल बोजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. बंध गेल्याचे नुकसान सुमारे दहापट; उरलेले शंभरपट नुकसान निराळ्याच कारणाने. औषधाच्या खोबणीत त्याच जागी एक ऑक्सिजन आहे. पूर्वी त्याच्यासमोर हायड्रोजन होता. आता दुसरा ऑक्सिजन आला. ऋणासमोर ऋण! सल्फेटला बाहेर काढणाऱ्या द्वारपालाची हीच युक्ती. येथे ती जीवाणूने आपल्याविरुद्ध वापरली.

निदान झाले की उपचार सुचतो. खोबणीतला तो ऑक्सिजन काढून त्या जागी हायड्रोजनासह नायट्रोजन बसविला तर? तो नायट्रोजन गरजेप्रमाणे हायड्रोजन घेऊही शकेल आणि देऊही शकेल. ॲलानिनलाही धरील, लॅक्टिक आम्लालाही. सांगायला हे एका वाक्याचे काम. पण इतक्या गुंतागुंतीच्या रेणूतला नेमका तेवढाच भाग पालटायचा तर सारी इमारत पायापासून उभारावी लागते. २०११ साली बोजर यांच्या प्रयोगशाळेने ते साधले, आणि नवा रेणू दोन्ही शेपटांना जवळजवळ सारख्याच ताकदीने धरू लागला. प्रयोगशाळेतले यश म्हणजे लगेच औषध नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु ग्राही रेणूचा अभ्यास हा पंडितांचा विरंगुळा नसून त्यावर रुग्णशय्येवरील माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात, हे यावरून पटावे.

निसर्गाच्या नमुन्याला हात न लावता सर्वस्वी नवी कोंदणे घडविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेत क्लार्क स्टिल यांनी सूक्ष्म मण्यांवर हजारो निरनिराळी पेप्टाइडे चढविली, ग्राही रेणूला रंग लावला आणि दोघांना एकत्र सोडले. जो मणी रंगला, त्याच्यावरचे पेप्टाइड त्या ग्राहीच्या मनास आले असे समजायचे. एकेका पाहुण्याची परीक्षा घेण्याऐवजी सारा गाव जेवायला बोलवायचा आणि कोण कोणत्या पाटावर बसतो ते पाहायचे, असा हा प्रकार.

केनेथ शे आणि त्यांचे सहकारी यांनी तर साच्याची रीत अवलंबिली. मधमाशीच्या विषातला मुख्य पदार्थ मेलिटिन हा सव्वीस मण्यांचा पेप्टाइड. तो मिश्रणात ठेवूनच त्याच्याभोवती प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण बनवायचे आणि मग मेलिटिन धुऊन काढायचे. ओल्या मातीवर पाऊल उमटावे तसा त्याचा ठसा कणात राहतो. २०१० साली त्यांनी दाखविले की, मेलिटिन टोचलेल्या उंदरांच्या रक्तात हे कण सोडले असता ते विष पकडतात, आणि मरणारे उंदीर पुष्कळ प्रमाणात वाचतात. रक्त म्हणजे पाणीच, आणि त्यात प्रथिनांची केवढी गर्दी! त्या जत्रेत एका कृत्रिम कोंदणाने आपला खडा हुडकला. जे फ्लोराइडच्या बाबतीत इतके कठीण जाते, ते येथे का जमले? कारण पेप्टाइड मोठे आहे. त्याला अनेक ठिकाणी धरता येते, आणि त्याची तेलकट अंगे पाण्याला नकोशीच असतात. येथे पाणी शत्रू नसून साहाय्यक होते.

अशीच आणखी एक आशा. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात पेशीच्या पटलातून क्लोराइड नेणारे प्रथिन बिघडलेले असते. त्याचे जनुक १९८९ साली सापडले. क्लोराइडची ये-जा थांबली की फुप्फुसातला कफ चिकट होतो आणि श्वास कोंडतो. क्लोराइडला पोटात घेऊन पेशीपटल ओलांडणारे आणि पलीकडे सोडून देणारे लहान रेणू इंग्लंडमध्ये अँथनी डेव्हिस आणि फिलिप गेल यांच्यासारख्या संशोधकांनी तयार केले. येथे कोंदणापेक्षा होडीची उपमा शोभेल, आणि कारागिरीची अटही पालटते. पकड फार घट्ट झाली तर नावाडी उतारूला पैलतीरावर उतरूच देणार नाही. एकंदरीत, सर्वांत घट्ट ते सर्वांत चांगले, असा नियम नाही. कामाला बेताचे असेल ते चांगले.

श्रोतेहो, मी आपल्याला कोणताही चमत्कार दाखविलेला नाही. एक भेसळीतून निघालेला मुकुट, एक न मागता मिळालेला नीलमणी, एका ऑक्सिजनमुळे हरलेले औषध आणि एका नायट्रोजनने त्याला परत मिळालेले बळ, एवढीच ही कथा. पण तिच्यातून एक गोष्ट निश्चित दिसते. दोन रेणूंतली ओळख ही जादू नसून मापाची, दिशेची आणि भाराची बाब आहे. म्हणून ती शिकता येते आणि घडविता येते. उणीव आहे ती पाण्यात, स्वस्तात आणि खेड्यापर्यंत पोहोचेल अशी घडविण्याची. ती भरून काढण्याचे काम ज्यांच्या हातून होईल अशी काही तरुण मंडळी कदाचित या मांडवात मागे उभीही असतील.

मघापासून बोलून घसा कोरडा पडला आहे. या भांड्यातले पाणी आता मी निर्धास्त पितो. नगरपालिकेवर माझा विश्वास आहे. परंतु ज्यांना आपल्या विहिरीवर तो विश्वास ठेवता येत नाही, त्यांची आठवण आपण सर्वांनी ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.